उसनी कूस

माझ्या मुलीला जन्मानंतर पहिल्यांदा छातीशी धरलं ते सारिका भंडारे नावाच्या बाईनं. माझ्या काळजाचे ठोके अंगावर घालून.

मी ते दोन मजले वर, विलगीकरण कक्षातल्या पलंगावर पडून, समोरच्या पडद्यावर पाहिलं. त्याआधी मला मुलीचा फक्त आवाज मिळाला होता. नाळ कापली, तिला पारदर्शक पेटीत घातलं, झाकण लागलं आणि तो आवाज लिफ्टच्या दिशेनं गेला. लिफ्टचं दार मिटल्यावर तोही बंद झाला.

त्या वर्षीचा ताप मोठ्या माणसांना फारसं काही करत नव्हता. दोन दिवस कणकण, बसलेला घसा, संपलं. म्हणून तर तो एवढा पसरला. पण ज्यांचं वय दिवसांत मोजायचं, अशा बाळांच्या फुप्फुसात तो विषाणू शिरला की दहातली चार बाळं हाती लागत नसत. आईला ताप येऊन गेला तरी सहा आठवडे तो तिच्या श्वासातून, दुधातून बाहेर पडत राही. मला कणकणसुद्धा आली नव्हती. प्रसूतीसाठी मिरजेच्या त्या रुग्णालयात दाखल होताना नाकात काडी घातली, आणि अहवाल आला.

पहिल्या लाटेत डॉक्टरांनी बाळं आयांपासून तोडली आणि वाचवली. काचेत ठेवली, वेळेवर बाटली दिली. वजनं मात्र वाढेनात. नवजात बाळाला डोळ्यांनी धड दिसत नाही. त्याच्या लेखी आई म्हणजे एक वास, एक ठोका आणि एक आवाज. नऊ महिने ज्या पाण्यात ते तरंगलं, त्या पाण्याच्या वासाशी आईच्या अंगाचा वास जुळतो. हे तिन्ही भेटले की त्याच्या रक्तातलं ताणाचं रसायन उतरतं, श्वास लांबतो आणि मग ते वाढायला मोकळं होतं. काचेत तिन्ही नव्हते.

दुसऱ्या लाटेपर्यंत ‘कूस’ आली. दिसायला बिनबाह्यांचं जाकीट. आत ऊब देणाऱ्या पट्ट्या, डावीकडे ठोका देणारी चकती, खांद्याशी छोटा स्पीकर आणि गळपट्टीत वासाची कुपी. वरच्या मजल्यावर आईच्या छातीला एक पट्टी चिकटवायची. तिचा ठोका, तिचा श्वास त्याच क्षणी खाली जाकिटात उमटायचा. आई बोलली की स्पीकर बोलायचा. जाकीट घालायच्या त्या, पहिल्या लाटेत ताप येऊन गेलेल्या आणि आता ज्यांच्या अंगात विषाणू टिकत नाही अशा बायका. कागदोपत्री त्या ‘संगोपन सहायक’. सगळं रुग्णालय त्यांना कुशीताई म्हणायचं.

वासाच्या कुपीसाठी दाखल होण्याआधी दोन दिवस अंगावर असलेलं सुती कापड लागायचं. कक्षातले कपडे चालत नसत, त्यांना जंतुनाशकाचा आणि औषधांचा वास. माझा निळा गाऊन माहेरी, जयसिंगपूरला राहिला होता. आईनं तो दुसऱ्याच दिवशी पाठवून दिला. प्रसूती होईपर्यंत कुपी तयार झाली, गळपट्टीत बसली.

“वैनी, ऐकू येतंय न्हवं? मी सारिका,” पडद्यावरची बाई म्हणाली. चाळिशीची, रुंद खांद्यांची, तोंडाला मास्क. “पोरगी तुमच्यावर गेलीया. बघा, कसं नाक वर करून बसलीया.”

“माझं नाक कुठं पाहिलंत तुम्ही?”

“फायलीवर फोटो हाय की. आता फोटोत तरी हसायचं.”

मी हसले नाही. तिच्या डाव्या हाताचा तळवा माझ्या मुलीच्या डोक्याखाली होता. डोकं त्या तळव्यात पुरतं मावत होतं.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. हंगामात दर दोन तासांनी रसाचा नमुना घ्यायचा, आकडा लिहायचा, आकडा हलला की कारण शोधायचं. त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यातला हिरवा आकडा मला लगेच आपला वाटला. त्याला ‘जुळणी’ म्हणत. बाळ ओळखीच्या कुशीत असलं की त्याच्या हृदयाची गती श्वासासोबत सावकाश चढते, सावकाश उतरते. परक्या कुशीत ती सपाट आणि घाईची राहते. बाळाच्या पायाला बांधलेलं यंत्र ही लय पाहून शून्य ते शंभरातला एक आकडा देई. पहिल्या दिवशी चव्वेचाळीस. चौथ्या दिवशी साठ. मी पलंगावर बसून पंपानं दूध काढायची, ते बेसिनमध्ये ओतायची, आणि वळून आकडा पाहायची. एकसष्ट झालेला असायचा. मला वाटायचं, हा माझा आकडा आहे. माझा ठोका, माझा वास. बाई नुसती खुंटी.

खुंटी फार बोलायची, हीच अडचण. सारिकाताई आधी इचलकरंजीला यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरायच्या. बाळ किरकिरलं की त्या तोंडानं मागाचा आवाज काढायच्या, “खट्टक-खट, खट्टक-खट,” आणि त्या तालावर मांडी हलवायच्या. मी वरून अंगाई म्हणत असले तरी.

“ताई, मी म्हणतेय ना.”

“म्हना की. मी कुठं थांबवलंय? तुमचं गानं, माझा माग. ठकूबाईला बँडबाजा लागतोय.”

ठकूबाई! मी आणि सुयोगनं तीन महिने याद्या करून नाव ठरवलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सुयोग, माझा नवरा, सांगलीला घरीच अडकला होता; त्यालाही लागण. तो फोनवर तोच पडदा पाहायचा. “आर्जवी, बाई काय सराईत आहे नाही? पाय पसरून पायांवर घेऊन न्हाऊ घालते, एक थेंब कानात नाही. बरं झालं. आपल्याला जमलं नसतं.”

“आपल्याला म्हणजे कुणाला?”

“म्हणजे... मला.”

“मग तसं म्हण.”

त्या न्हाण्यानंच मला पहिला खडा टोचला. न्हाऊ घालताना कूस काढून खुंटीवर टांगलेली असे. म्हणजे माझा ठोका नाही, माझा वास नाही. आकडा मात्र चौऱ्याऐंशी. मी बालरोगतज्ज्ञ नेर्लेकर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, कोमट पाण्यात बाळं खूशच असतात. पटण्यासारखं होतं. मला पटलं नाही.

पंधराव्या दिवशी मी पट्टी छातीवरून काढली आणि उशीखाली ठेवली. सकाळी दहा ते अकरा. खाली कुशीतला ठोका बंद. सारिकाताईंना कळलंसुद्धा नाही. त्या पोरीला पालथी टाकून पाठ थोपटत होत्या. आकडा शहाऐंशी. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी. मग पट्टी लावून पाहिलं. सत्त्याऐंशीच.

रस न घालता यंत्र साखर दाखवायला लागलं, तर साखर दुसरीकडून येतेय असं समजायचं, हे आम्हाला पहिल्याच हंगामात शिकवतात.

त्यानंतर मी मुलीकडे पाहायचं सोडून त्या बाईकडे पाहायला लागले. ती कशी बसते. मास्क ओढून मुलीच्या टाळूवर कशी हुंगते. आणि दर थोड्या वेळानं उजव्या हाताची दोन बोटं गळपट्टीत कशी घालते, जिथं कुपी असते तिथंच. घालते, काही तरी करते, इकडेतिकडे बघते, काढते. एकोणीस, वीस, एकवीस. एका सकाळीत एकवीस वेळा मोजलं. मुलीची मूठ तेव्हा त्या गळपट्टीला घट्ट धरून असे. माझ्या मुलीची मूठ मी अजून उघडून पाहिली नव्हती.

“कुपी काढून ठेवते ती,” मी नेर्लेकर मॅडमना म्हटलं. “मुलीनं तिचाच वास ओळखावा म्हणून.”

“कशासाठी करेल ती असं?”

“ते तिला विचारा.”

“आर्जवी, बाळ रोज तीस ग्रॅम वाढतंय. इतकं छान बाळ या मजल्यावर दुसरं नाही.”

“कुणाचं म्हणून वाढतंय?”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. कारण न देता कुशीताई बदलून मागायचा हक्क आईला होता, अर्जावर छापलेलाच होता. मी तर कारण दिलं, लेखी. ‘वासाची कुपी हेतुपुरस्सर काढल्याचा संशय.’ एकविसाव्या दिवशी दुपारी सारिकाताईंनी कूस उतरवली. कॅमेऱ्यापाशी येऊन वर पाहिलं.

“वैनी, माझं काय चुकलं ते तरी सांगा.”

मी स्पीकर बंद केला. त्यांचा मास्क बोलल्यासारखा हलत राहिला, मग त्या गेल्या.

नवी कुशीताई मनीषा कोष्टी. तरुण, नीटनेटकी, बोलायची नाही, गुणगुणायची नाही, गळपट्टीला हात नाही. मला हवी तशी खुंटी. मी पट्टी दोनदा तपासून घट्ट लावली आणि दिवसभर स्पीकरमधून बोलत राहिले. मुलीचं नाव, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तेही मोठ्यानं हाक मारून सांगितलं. मुलगी रडत होती. आकडा एकोणतीस.

“सवय होईल,” मी सुयोगला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बाटलीचं बोंड जिभेनं ढकललं. वजन तीन किलो चारशे ऐंशीवरून चारशे चाळीस. तिसऱ्या दिवशी तीनशे सत्तर. रडण्याचा आवाज बारीक झाला आणि मग ती रडेनाशी झाली. मनीषाच्या खांद्यापलीकडे कुठंतरी पाहत पडून राहायची. चौथ्या दिवशी तीन दोनशे नव्वद. नेर्लेकर मॅडम पूर्ण पोशाखात माझ्या खोलीत आल्या. त्या कधी वर येत नसत.

“उद्या सकाळपर्यंत दूध घेतलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि हे वाचा.”

माझ्या तक्रारीवरून कुपी तपासायला पाठवली होती. कुपीचं सील शाबूत, एकदाही न उघडलेलं. आतल्या द्रव्यांची यादी मी वाचली. असल्या याद्या मी रोज वाचते, वेळ लागला नाही. कपडे धुण्याची पावडर. रिठा. ओवा. ऊद. खाली एक ओळ: मानवी त्वचागंध, मोजण्याइतका नाही.

मी आईला फोन लावला.

“आई, माझा निळा गाऊन पाठवलास, तो कसा पाठवलास?”

“कसा म्हणजे? घडी घालून.”

“धुतलास?”

“अगं म्हणजे काय!” आईच्या आवाजात अभिमान होता. “दोन दिवसांचा घामट गाऊन, तसाच द्यायचा दवाखान्यात? तुझ्या सासरची, मगदुमांची माणसं काय म्हणतील? आणि असले तापाचे दिवस. पावडरच्या उकळत्या पाण्यातून काढला, रिठ्यात भिजवला, कडक उन्हात टाकला आणि वर ओव्याची-उदाची धुरी दिली. बाळाच्या अंगाला लागायचं कापड गं. इस्त्रीसुद्धा केली.”

“आई, कागदावर लिहिलं होतं. न धुतलेलं.”

“ते वाचलं मी. म्हटलं, छापण्यात चुकलं असेल.”

मला हसू आलं. आई विचारत राहिली, “का गं, रंग गेला का?” मी म्हटलं, नाही, रंग चांगला आहे.

म्हणजे पहिल्या दिवसापासून मी तिथं नव्हतेच. मुलीनं आई शोधली, तिला उदाचा वास आला. आणि उदामागं एका बाईच्या गळ्याचा, केसांचा, कष्टाच्या अंगाचा खरा वास आला. तिनं तो घेतला. तिनं काय करायला हवं होतं? आणि चव्वेचाळीसपासून अठ्ठ्याऐंशीपर्यंतचा प्रत्येक आकडा, ज्याच्यासाठी मी बेसिनपाशी एकटी हसले होते, तो सारिका भंडारेंचा होता.

“आता माझा नवा नमुना घ्या,” मी मॅडमना म्हटलं. “औषधं बंद होऊन आठवडा झाला. चार दिवसांत कुपी होते.”

“होते. पण तो तिच्यासाठी तिसरा परका वास असेल. तिच्याकडे चार दिवस नाहीत, आणि सवय लागायला लागतील ते दिवस वेगळे.” त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. “आणखी एक. गेले चार दिवस तिनं तुमचा ठोका आणि तुमचा आवाज मनीषाच्या अंगावर ऐकलाय. तुम्ही बोलला की तिची गती वाढते. आलेख पाहिला मी. सारिकाला परत आणायचं तर कूस नको. ठोका बंद, स्पीकर बंद. नुसती सारिका. सहा आठवडे पुरे होईपर्यंत.”

“म्हणजे ती तिचीच होईल.”

“हो,” मॅडम म्हणाल्या. उगाच काही मऊ बोलल्या नाहीत, म्हणून मला त्यांचा राग आला आणि म्हणूनच मी सही केली.

सारिकाताईंचा फोन मी स्वतः लावला. मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

“ताई, मी आर्जवी मगदूम.”

“व्हय. कळलं. बोला. आता काय चोरलं म्हने मी?”

“कुपीत काही नव्हतंच. माझ्या आईनं गाऊन धुऊन पाठवला होता.”

“आन मी बोटं घालून कुपी काढत हुते?”

“मला तसं वाटलं.”

“घामोळं आलं हुतं ओ वैनी मला! एवढ्या उकाड्यात तुमचं ते गरम जाकीट बारा-बारा तास. गळ्याभोवती नुसता जाळ. खाजवायला लाज वाटायची कॅमेऱ्यापुढं, म्हनून इकडंतिकडं बघायची मी.” त्या हसल्या, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. “इचारलं असतं तर गळा उघडून दाखिवला असता.”

“चुकलं माझं.”

“माझ्या नावावर कागद पडलाय. चार पोरी सांभाळल्या हितं, एक कागद न्हवता.”

“मी तो लेखी मागं घेतलाय. आत्ताच. ताई, ती दूध पीत नाही. तीन दोनशे नव्वदवर आलीय.”

कुकर बंद केल्याचा आवाज आला.

“कोन, ठकूबाई?” त्या म्हणाल्या. “थांबा. आले.”

अर्ध्या तासात त्या खालच्या खोलीत होत्या, अंगात साधा सुती झगा. मनीषाच्या हातून पोरगी घेतली, मान आपल्या गळ्याशी लावली, आणि “खट्टक-खट” सुरू केलं. मुलीनं डोकं दोनदा इकडंतिकडं घासलं आणि तोंड उघडून मोठ्यानं रडली. चार दिवसांत पहिल्यांदा. रडून झाल्यावर साठ मिली दूध प्यायली. वजन वाचलं, नळी टळली, सुयोग फोनवर हुंदके देत होता. मी पडदा बंद केला. मला आनंद झाला होता आणि त्या बाईचे हात खांद्यापासून उपटून टाकावेत असंही वाटत होतं. दोन्ही अगदी एकाच वेळी.

पुढचे सतरा दिवस मी नुसती पाहत होते. बोलायचं नाही, पट्टी नाही. सारिकाताई आता स्पीकरकडे पाहून माझ्याशी बोलत नसत, मुलीशीच बोलत. फक्त संध्याकाळी जाताना कॅमेऱ्यापुढे उभ्या राहून एका दमात सांगत: इतकं दूध, इतक्या वेळा शी, बेंबी कोरडी, नखं काढली. मी मान हलवायची. ती त्यांना दिसत नसे.

बेचाळिसाव्या दिवशी माझा अहवाल कोरा आला. आणि मला कूस घालायला दिली. उलटी.

आता कुपीत सारिकाताईंचा वास होता, त्यांच्या न धुतलेल्या झग्यावरून काढलेला. चकतीत त्यांचा नोंदवून ठेवलेला ठोका. मी पहिले तीन दिवस मुलीजवळ बोलायचं नव्हतं. नंतर हळूहळू, कुजबुजत. फोनवर एक सरकपट्टी होती, वास आणि ठोका किती सोडायचा त्याची, शंभरापासून शून्यापर्यंत. रोज दहानं खाली सरकवायची. दहा-बारा दिवसांत मुलीला माझ्या कातडीवर आणून सोडायचं, असा बेत.

परिचारिकेनं तिला माझ्या हातात दिलं. ती दिसत होती त्यापेक्षा जड होती. सगळं अंग ताठ, पाय पोटाशी. मग तिनं नाक माझ्या गळपट्टीत खुपसलं, श्वास घेतला आणि विरघळली. फोनवर आकडा आला, पंच्याऐंशी. माझ्या बरगड्यांवर दुसऱ्या बाईचं काळीज वाजत होतं, माझ्यापेक्षा सावकाश, माझ्यापेक्षा शांत. मुलगी त्याला धरून झोपली. जगात एवढी जवळ आणि एवढी लांब मी कधीच नव्हते.

घरी गेल्यावर मी पहिल्याच दुपारी सरकपट्टी शंभरावरून थेट चाळीसवर आणली. घाई नाही करायची, हे माहीत असून. मुलगी दोन मिनिटं चुळबुळली आणि तिनं माझ्यापासून पाठ वाकवून अंग मागं झोकून दिलं. मला सोडून कुठं जायला मिळेल का ते शोधत असल्यासारखं. मी मुकाट्यानं शंभर केलं. आई माझ्या मदतीला सांगलीला आली होती; ती स्वयंपाकघरातून बघत होती. “आधी तुझं ते जाकीट तरी धू,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून आत निघून गेली.

मग मी नियमानं गेले. नव्वद. ऐंशी. मी कुजबुजायला लागले. तिचे डोळे आवाजाकडे वळले, पण गती वाढली नाही. साठला दूध माझ्याकडून प्यायली, खरं दूध. तीसवर एक दिवस अडकलो. वीस. दहा. एका सकाळी शून्य. मी जाकीट काढलं, नुसत्या अंगावर तिला घेतलं. आकडा अडुसष्ट. अठ्ठ्याऐंशी नव्हे. पण हा अडुसष्ट कुणाकडून आणलेला नव्हता. मी तो आकडा सुयोगला दाखवला नाही, आईलाही नाही. एकटीनंच दिवसभर पाहिला.

या सगळ्या दिवसांत सारिकाताईंचे पाच फोन येऊन गेले. मी घेतले नाहीत. एकदा हात पुढं गेला होता. पण त्यांना हवं होतं ते मला माहीत होतं, आणि ते मी नुकतंच कुठं मिळवलं होतं.

सहावा फोन आला तेव्हा मी पाय पसरून बसले होते आणि मुलगी माझ्या पायांवर उताणी होती. तिच्या छातीला तेल चोळत होते. न्हाणं मला आता जमायला लागलं होतं. हात तेलकट, फोन जमिनीवर. सुयोगचाच असणार म्हणून मी बोटाच्या पेरानं बटण दाबलं, स्पीकर लावला.

“वैनी? घेतला व्हय एकदाचा!” मागं दुसरंच कुठलंतरी बाळ रडत होतं. “जेवायची सुट्टी झालीया माझी. दोनच मिन्टं. काय करतीया आमची ठकूबाई? हाय का बरी? खट्टक-खट, खट्टक-खट, ऐकतीया का गं बया?”

मुलगी थांबली. हवेत फिरणारे हात थांबले. तिनं आवाज शोधला. डावीकडे, उजवीकडे, छताकडे. फोन तिच्या नजरेला पडत नव्हता. तिच्यासमोर फक्त माझं तोंड होतं, वाकलेलं, घामेजलेलं. डोळे तिथं येऊन टेकले. आणि ती हसली.

झोपेत हसते तेव्हा आई म्हणते, सटवाई हसवतेय. हे ते नव्हतं. आधी भुवया वर गेल्या, मग गाल, मग ते बोळकं तोंड एकीकडून उघडत गेलं, आणि सगळं हसू माझ्या तोंडावर येऊन पडलं. जन्मातलं पहिलं. हसू माझ्याकडे पाहून, आवाज सारिकाताईंचा ऐकून.

“वैनी? अहो, हाय का? काय झालं, बोला की.”

मी गप्प बसू शकले असते. तेलाच्या हातानं फोन बंद करू शकले असते. त्यांना तिकडून काही दिसत नव्हतं, आणि कुणाला कधीच कळलं नसतं.

“हसली,” मी म्हटलं.

तिकडचं बाळ रडत राहिलं. सारिकाताईंचा आवाज एकदम लहान झाला. “खरंच? कुनाला?”

मुलीच्या तोंडावरचं हसू मावळत चाललं होतं. डोळे पुन्हा छताकडे निघाले होते, आवाज शोधत.

“तुम्हाला,” मी म्हटलं, आणि फोन ढोपरानं जवळ ओढला, तोंड मुलीच्या आणखी जवळ नेलं. “ठेवू नका, ताई. बोला. बोलत राहा.”